बाळारामदादाच्या मशिनीचं बटण

बाळाराम. कशेळ्याचा, पूर्वी माथेरानला हातरिक्षा ओढणारा. त्याचा मी घात केला. सत्त्याऐंशी साली, होळीच्या आधीच्या बाजाराला, सकाळी, दुकानांची पालं ठोकली जात असताना. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या गावच्या मंडळात नाही, घरात नाही. ज्याला सांगायला हवं, त्याला तर नाहीच.

तुम्ही मला पत्रकांवरून ओळखता. दारूचा गुत्ता, रेशनचा काटा, कर्जतच्या कचेरीत माणसांना दिवसभर ताटकळत ठेवणारे बाबू — मी सोडलं कुणाला? ‘जाब द्या’ हे माझे लाडके शब्द. आज ते मलाच लागू आहेत.

मुद्द्यावर येतो. येतो — पण आधी मशीन सांगायला हवं.

चढावर माणसं ओढून बाळारामदादाची छाती गेली होती. रिक्षा सोड, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच सुमारास माथेरानच्या एका हॉटेलने जुनं व्हिडिओ गेमचं मशीन टाकायला काढलं, ते यानं मागून घेतलं. वर गाडीला बंदी. मग यानं ते चादरीत गुंडाळून स्वतःच्या रिक्षात बसवलं आणि दस्तुरीपर्यंत, म्हणजे गाड्या थांबतात तिथवर, ओढत आणलं. पुढे टेंपो.

“माझं शेवटचं गिऱ्हाईक रं ते,” तो सांगायचा. “लय जड. पन वाटंत एकदा बी बोललं नाय, की हळू चल म्हनून!”

शेवटचं गिऱ्हाईक. हे लक्षात ठेवा.

खाली आमच्या गावात, बाजारपेठेच्या टोकाला कुडाच्या खोलीत त्यानं ते मांडलं, आणि आमच्या वाचनालयातली पोरं उठून तिथं गेली. हे माझं खरं दुखणं. पण दुखण्यावर पत्रक निघतं का? म्हणून मी सभेत गरजलो — हा डबा तुमच्या पोरांचे डोळे खातोय, गावकऱ्यांनी स्वतः येऊन तपासावं! टाळ्या पडल्या. बाजाराचा दिवस ठरला.

आणि रोज दुपारी, पोरं शाळेत असताना, मी स्वतः तिथं खेळत होतो. होय, मी.

गाडीचा खेळ होता. काळ्या रस्त्यावर पांढरी गाडी. मशीन जुनं, काच थकलेली. गाडी जरा वेगात वळली की मागे तिचं शेपूट उमटायचं, पांढरं, फरफटलेलं. रस्त्याच्या तुटक रेघा एकमेकींना चिकटून नुसता चुन्याचा पट्टा व्हायचा. कुठली गाडी खरी आणि कुठली तिची सावली, कळायचं नाही. मी आपटायचो. डोकं भणभणायचं. तरी दुसऱ्या दिवशी हजर.

उपाय मलाच सापडला. अंधाऱ्या खोलीत पडदा भगभगीत ठेवला की ते शेपूट डोळ्यांत भरतं. मी खिडकीची झडप उघडायला लावली, मशिनीमागे एक बल्ब टांगला, आणि पाठीमागचं उजेडाचं बटण बरंच खाली आणलं. शेपूट जवळजवळ गेलं. गाडी गाडीसारखी दिसायला लागली. नजर गाडीमागे पळवायची नाही, पुढच्या वळणावर ठेवायची, हेही मग जमलं.

“तू तर डॉक्टर हाईस माझ्या मशिनीचा!” बाळारामदादा म्हणाला. त्या दिवशी त्यानं मला चहा पाजला. मी प्यालो.

मग तरी थांबायचं ना? उपाय सापडला होता, तोच सभेत सांगायचा! पण गरजलेला माणूस मागे कसा येणार? आणि आमच्या कामाची एक रीत होती — आज सांगतो, लाज वाटते. पत्रक बाजारात वाटायचं तर आदल्या दिवशी कर्जतला जाऊन चक्रमुद्रित करून आणावं लागे. म्हणजे जे झालं ते लिहायची सोयच नाही. जे व्हायला हवं, ते लिहायचं. मी स्टेन्सिलवर कोरलं होतं : ‘तपासणीच्या वेळी पडद्यावरचं चित्र फरफटलं! गावच्या वडीलधाऱ्यांना घेरी आली!’

गठ्ठा काखेत घेऊन मी सकाळी खोलीवर गेलो. चित्र स्वच्छ होतं. मीच केलेलं.

“बरा आलास,” बाळारामदादा म्हणाला. “मोठी मानसं येनार, चा सांगून येतो. तवर बस तू.”

तो पाहुण्यांसाठी चहा सांगायला गेला. मी झडप लावली. बल्ब काढला. बटण शेवटपर्यंत पिळलं.

सरपंच आले, गावातले सगळ्यांत वडीलधारे गणूआबा आले, मागून बघे. आबांना पुढे बसवलं, गाडी सुरू झाली. पांढरे पट्टे इकडून तिकडे सांडायला लागले. थोड्या वेळानं आबांनी कपाळ धरलं. “गरगरतंय रं... धरा मला!” कुणीतरी हसलं, “आबा, उतरा खाली, घाट लागला तुमाला!”

एवढ्यात बाळारामदादा किटली घेऊन दारात. पडद्याकडे बघतच राहिला.

“आसं नव्हतं वो सरपंच. आत्ता चांगलं होतं.” मग माझ्याकडे वळला. “तू सांग ना रं यांना. तू तर रोज खेळतोस.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

बटण पिळलं, हा अपराध नाही का? आहे. पण मी इतकी वाक्यं ज्याच्याभोवती फिरतोय ते हे आहे. मी म्हणालो, “मी? मी या डब्याला कधी हातसुद्धा लावलेला नाही.”

त्याची नजर माझ्यावरून मशिनीमागच्या रिकाम्या होल्डरकडे गेली, मग बंद झडपेकडे. त्याला कळलं. मला दिसलं की त्याला कळलं. तो एक शब्द बोलला असता तर मी संपलो असतो. त्यानं किटली खाली ठेवली आणि आबांना पाणी दिलं.

बाहेर मी पत्रकं वाटली. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं ठरलं होतं.

खोली त्याच आठवड्यात बंद झाली. पावसाळा सरल्यावर मी कामासाठी माथेरानला गेलो, तेव्हा तो दिसला. रिक्षाच्या दांड्याला जुंपलेला, एका जाड्या गृहस्थाला चढावर ओढत. मध्येच थांबून खोकत होता. मी दुकानाच्या आडोशाला झालो. तो पुढे गेल्यावर बाहेर आलो.

वय लहान होतं, हेतू चांगला होता — असली वाक्यं मला लिहिता येतात. लिहीत नाही.

तुम्हाला मात्र एक सांगतो, आणि ही विनंती नाही. पुढच्या बाजाराला मी पत्रकं घेऊन उभा असेन. माझ्या हातून पत्रक घेऊ नका. आधी सगळ्यांदेखत, मोठ्यानं विचारा : “आम्ही यायच्या आधी आत जाऊन तू काय केलंस?”