खाडीच्या वाटेवरचं गेट

खारघरच्या एका सोसायटीने गेटचं डिझाइन मागितलं आणि मी लगेच हो म्हटलं. एवढ्याशा कामासाठी एरवी पुण्याहून गेले नसते, पण पनवेलला जायला निमित्त हवं होतं. माझी शाळा तिथली. आई-बाबा गेल्यावर जाणंच राहिलं होतं.

सकाळची एसटी धरली. शनिवार-रविवार घाटात रखडायला होतं, जमल्यास आडवारी जा. पनवेलला उतरून आधी मिसळ खाल्ली, मग खारघरमधल्या बेलपाडा गावासाठी रिक्षा, सोसायटी तिथेच आहे. भाडं बसण्याआधीच ठरवा.

रविवारी बाबा मला स्कूटरवर पुढे उभं करून इकडे आणायचे, खाडीतला जिताडा मासा घ्यायला. दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि मधून खाडीकडे जाणारी पायवाट. चिखलात चप्पल रुतली की बाबा मला उचलून घ्यायचे.

वाट अजून आहे, फक्त आता दोन टॉवरांच्या मधून जाते. सेक्रेटरींनी नेमकी तीच दाखवली.

"इथे गेट हवंय. बाहेरच्यांची ये-जा बंद करायचीय."

"बाहेरचे म्हणजे?"

"गावातले हो. मासळीचा वास, सिक्युरिटी... रोजची कटकट."

तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई खाडीकडून आली. तिला मी विचारलं, "मावशी, खाडीवर जायला दुसरा रस्ता आहे?"

"हाय ना, पार हायवेला वळसा घालून. पाटी घेऊन जाशील तू?" ती हसली. "आमी आदीपासून हितंच हाव, पोरी. या बिल्डिंगी मंग आल्या."

सेक्रेटरी मोबाइलमध्ये बघत राहिले.

मी त्यांना सुचवलं, गेट तुमच्या जिन्यांपाशी बसवू, वाट मोकळी ठेवू, वर दिवे लावू. त्यांना पटलं नाही.

"मग हे मला काढता येणार नाही," मी म्हटलं.

"तुम्ही नाही तर दुसरा आर्किटेक्ट काढेल, मॅडम."

"काढेल. पण नकाशावर सही माझी नसेल."

पुढच्या आठवड्यात कळलं, काम खरंच दुसऱ्याकडे गेलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? ओळखीतून त्या नव्या, तरुण आर्किटेक्टचा नंबर मिळवला आणि सरळ फोन लावला. "काही काढण्याआधी एकदा सकाळी त्या वाटेवर उभा राहा," एवढंच सांगायचं होतं.

तो मधेच म्हणाला, "मॅडम, मी उरणच्या कोळीवाड्यातला. माझी आई पाटी घेऊन अशाच वाटेने जायची. कालच नाही म्हणून आलो."

सोसायटी तिसरा कोणी शोधेलही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, आत्ता बाबा असते, तर आधी त्यांना सांगितलं असतं.