समुद्राच्या तक्त्यातली रिकामी घरं

"तक्ता पूर्ण भरलाय" असं कुणी फुशारकीनं सांगितलं की मला अजून किळस येते. त्याची नाही, माझी.

नव्वदच्या दशकात कन्नड मुलखात, राजाजीनगरातल्या एका छोट्या कंपनीत मी कॉम्प्युटरवर काम करायची. चार संशोधन जहाजांच्या समुद्रातल्या नोंदी एकत्र करून संस्थांना वाटायच्या, हे आमचं काम. चार जहाजं, चार तऱ्हा! शेवटी मी सगळ्या नोंदींची वंशावळच मांडली: कोण कुणाच्या पोटातलं, कुणाचं कुणाशी नातं. याला ऑन्टॉलॉजी म्हणतात हे मला फार पुढं कळलं. त्यात एक गोष्ट मी कटाक्षानं पाळली होती. मोजून शून्य निघालं तर शून्य लिहायचं. पाण्याचा नमुना घ्यायला खोल सोडलेली बाटली मिटलीच नाही, मोजणं झालंच नाही, तर घर रिकामं सोडायचं.

हे मला एका संशोधक बाईंनी शिकवलं. अरबी समुद्रात खोल एका थरात प्राणवायू जवळजवळ नसतोच. तो त्यांनी कित्येक सफरींत मोजला होता. "ओकाऱ्या काढत मोजलंय गं ते शून्य. सांभाळ हं."

"सांभाळते की बाई," मी म्हटलं. मोठी आली सांभाळणारी!

आमचे साहेब पुण्याचे. पाहुण्यांना तक्ता दाखवायचा होता. "शी! दात पडलेलं बोळकं दिसतंय. शून्य भर सगळीकडं."

"सर, मग मोजलंय असं होईल."

"स्वल्प अॅडजस्ट माडी." थोडं जुळवून घ्या; साहेबांना येणारं कन्नड तेवढंच.

मी भरली. मूळ फाइलवरच भरली, अक्कल गहाण टाकून.

आठवड्यानं बाई आल्या. पडद्यावर समुद्र गुदमरलेला, वरपासून तळापर्यंत जिथं तिथं शून्य. "यातली माझी कुठली?" मला सांगता येईना.

"माझ्या मोजणीच्या वह्या आणल्यात, त्यांवरून परत भरू," बाई अजिजीनं म्हणाल्या.

"फ्लॉपी उद्या जायच्यात. सगळीच शून्यं काढून टाका, प्रश्न मिटला!" साहेब हसले. मीच काढली, बाईंची मोजलेली शून्यंसुद्धा, त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या वह्या त्यांच्याकडं होत्या, पण वह्या कोण उघडणार? सगळीकडं जाणार होता तो आमचा समुद्र.

बाई वह्या पिशवीत भरून गेल्या. फ्लॉपीसोबतच्या कागदावर 'तपासलं' या शब्दापुढं घर रिकामं होतं. साहेब म्हणाले, "तेवढं भर."

मी सही केली.