जोड्यांच्या कार्डांसाठी धुळे, अमळनेर आणि पुढे चार मैल

जोड्यांची, म्हणजे पायताणांची, चित्रं असलेली जुनी पोस्टकार्डं आणि दुकानदारांची जाहिरात-कार्डं मी जमवतो. हसायचं त्यांनी हसून घ्यावं. हौसेला मोल नसतं. धुळ्याच्या एका जोडेवाल्यानं पहिल्या लढाईआधी दिवाळीला वाटलेलं कार्ड माझ्याकडे नव्हतं. दुसरी लढाई संपून गाड्यांची गर्दी जरा ओसरली, तसा नाशकाहून निघालो.

चाळीसगावला गाडी बदलावी लागते. धुळ्याच्या गाडीला अवकाश असतो. तोवर स्टेशनाबाहेर भरीत-भाकरी खाऊन घ्यावी, दोन आण्यांत पोट भरतं. धुळ्यात धर्मशाळा फुकट, ढेकूणही फुकट. जोडेवाल्याचं दुकान केव्हाच मोडलं होतं. शेजारचे कापडवाले नाना म्हणाले, "अहो, वर लक्ष्मी आणि खाली काळे बूट छापले त्यानं! लोकांनी देवी कापून देव्हाऱ्यात लावली अन् बूट उकिरड्यावर फेकले." खरंच, तीन घरांत मला नुसती वरची लक्ष्मी पाहायला मिळाली. अख्खं कार्ड अमळनेरपलीकडच्या एका खेड्यात असल्याचं नानांनीच सांगितलं.

अमळनेरची मोटर कोळशाच्या गॅसवर चालते आणि चढावर उतारूंनी ढकलावी लागते. पांढरे कपडे घालू नका. पुढचे चार मैल पायी.

कार्डाच्या मालकीण अक्का पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा पहिल्या लढाईत गेला तो परतला नाही, मेल्याचंही कळलं नाही. जाताना खिशात नेलेलं हे कार्ड त्यानंच टपालानं धाडलं होतं. ते देव्हाऱ्यात होतं, बुटांवर कापडाची चिंधी चिकटवलेली.

"लक्ष्मी मनी, जोडा तुना," म्हणत अक्कांनी लक्ष्मी स्वतःला ठेवून बूट मला कापून घ्यायला कात्री माझ्या हातात दिली.

कापण्याआधी मी कार्ड उलटलं. मुंबईच्या लष्करी इस्पितळातून भावाला लिहिलेलं होतं.

"हे कुणी वाचून दाखवलं होतं?"

"देरनी. खुशाल शेत म्हने. आते तोबी नही." दिरानं 'खुशाल आहेत' एवढंच सांगितलं होतं, आणि आता तोही हयात नव्हता.

गप्प बसलो असतो तर बूट माझे होते. मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण वाचलं: "एक पाय कापला. चित्रातला एकच बूट मला आता पुरे. घरात विचार, असा आलो तर चालेल का? कळव, म्हणजे येतो."

दिरानं हा मजकूर दडवला, पण लक्ष्मी फाडायला तो धजला नसावा, म्हणूनच कार्ड शिल्लक राहिलं.

अक्का बराच वेळ चिंधीवरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "लिखी दे, भाऊ. 'या' म्हना."

"अक्का, तीस वर्षं झाली."

"माले मोजता येस."

माझ्याजवळच्या कोऱ्या कार्डावर तेवढंच लिहिलं, वर इस्पितळाचा पत्ता, खाली माझा. अमळनेरला पेटीत टाकलं. त्यांचं कार्ड अख्खंच देव्हाऱ्यात परत गेलं.

घरी येऊन तीन आठवडे झाले. कार्ड मिळालं नाही, तरी या खेपेचा मला पस्तावा नाही. काल मात्र अक्कांचं 'या' लिहिलेलं ते कार्ड 'पत्ता लागत नाही' अशा शिक्क्यासह माझ्याकडे परत आलं. अक्कांना कळवायलाच हवं. आज सकाळी लिहायला बसलो. रिवाजाप्रमाणे 'इकडील सर्व खुशाल' एवढं लिहिलं, आणि हात पुढे चालेना.