स्पेनवाली

"सबके सामने बोल ना, चाबी किसलिए चाहिए?"

मॅनेजर खुर्चीत रेलून विचारत होता. आखातातल्या दुक्मच्या बांधकाम साइटवरची पत्र्याची पोर्टाकॅबिन. मीटिंगला अकरा पुरुष, दारात उभी मी. ड्रॉइंगांच्या नोंदी ठेवायचं काम माझं. साइटवर बाई मी एकटीच, आणि बायकांच्या टॉयलेटची चावी याच्या ड्रॉवरमध्ये.

"टॉयलेट जाना है, सर."

अकराच्या अकरा हसले. मीही हसले. ते माझं हसू अजून टोचतं.

त्यानंतर मी पाणी प्यायचं सोडलं. बाहेर पत्रा तापलेला, सकाळपासून चारपर्यंत एक घोट नाही. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. क्लिनिकमधली डॉक्टर म्हणाली, भरपूर पाणी पी. मग हिंमत करून मॅनेजरला मेल लिहिला. चावी माझ्याकडे द्या.

उत्तर ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. एक व्हिडिओ. स्पेनमधली कुणी लेखिका, बायकांच्या हक्कांवर लिहिणारी, स्टेजवर हातवारे करतेय. लाखो लोकांनी पाहिलेली. कुणीतरी तिच्या तोंडी गाढवाचं ओरडणं घातलेलं. खाली मॅनेजरनं लिहिलं, "अपनी मॅडम की गुरु." हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी स्पेनवाली. "यल्ला, चल स्पेनवाली, ड्रॉइंग लेके आ."

शुक्रवारी सुट्टी होती. खोलीवर बसून मी तिचा मूळ व्हिडिओ शोधला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. ती ओरडत नव्हतीच. शांतपणे सांगत होती, की नोकरीत पुरुष तिच्यावर हसायचे तेव्हा तीही हसायची. नोकरी टिकावी म्हणून.

मी मोबाईल बाजूला ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा घेतला.

खाली हजारो बायकांनी लिहिलेलं. अरबीत, हिंदीत, मला न येणाऱ्या लिप्यांत. मी भाषांतराचं बटण दाबत गेले. नर्स, शिक्षिका, हॉटेलात चादरी बदलणारी. प्रत्येकीनं आपल्यावर कोण हसलं ते सांगितलेलं. आमच्या ऑफिसनं टवाळीसाठी तिचा व्हिडिओ पुढे पाठवला आणि तिला माझ्यापर्यंत आणून पोचवलं.

रविवारी मीटिंग. "बोलो स्पेनवाली, क्या चाहिए?"

मी हसले नाही. "चाबी. और मेरा नाम लेके बात कीजिए."

"नहीं दी तो?"

"तो क्लायंट के सेफ्टी ऑफिस में लिख के दूँगी. अभी."

तेव्हा तो मराठीवर आला. पुण्याचा आहे. "अगं, आपण मराठी माणसं. बाहेरच्यांसमोर असं करतात का? तुझं काँट्रॅक्टही संपत आलंय."

"मला सगळ्यांसमोर उभं केलंत, तेव्हा मी मराठी नव्हते का?"

उन्हात चालत गेले. तक्रार लिहून दिली. दोन दिवसांत टॉयलेटचं कुलूप निघालं.

मग काँट्रॅक्ट वाढवायची वेळ आली. एचआरवाल्यानं माफीनामा टाईप करूनच आणला. माझा गैरसमज झाला होता, ऑफिसात सगळे आदरानं वागतात, वगैरे. सही केली की आणखी दोन वर्षं.

आईला फोन केला. घर माझ्या पगारावर चालतं. ती म्हणाली, "कर बाई सही. एका सहीनं काय होतंय?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं ऐकलं नाही. कागदावर आडवं लिहिलं, यातलं एकही वाक्य खरं नाही. त्याखाली माझं पूर्ण नाव.

परतीचं तिकीट आलंय. जाते. घरी बसावं लागलं तर बसेन. पण गैरसमज झाला होता असं माझ्या तोंडून कुणाला ऐकायला मिळणार नाही. आईलासुद्धा नाही.