कोनिओची ओळ

फिनेलचा वास आला की शिरूरच्या कॉलेजातली लॅब आठवते. प्रॅक्टिकलच्या परीक्षेलाच मशीनवर प्रोग्रॅम तपासून चालवणारा कंपायलर नवा निघाला, आणि आम्ही सवयीनं लिहिलेली ‘कोनिओ’ ही हेडर फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जोडायची तयार फाइल, त्याच्याकडे नव्हतीच. सगळ्यांच्या स्क्रीनवर एरर. राहू गावाहून एसटीनं येणाऱ्या एकीचाच प्रोग्रॅम चालला. कुठल्याही कंपायलरवर चालतील तेवढ्याच हेडर ती वापरायची, म्हणून मी तिला हसायचो. सर तिचं कौतुक करताना माझ्या पोटात दुखत होतं. ती हळूच म्हणाली, “कोनिओची ओळ काढ, आन् स्क्रीन पुसायची बी. लगीच चालंल.” मी मुद्दाम काढली नाही. नापास झालो. आता पहिल्याच तासाला पोरांना ती ओळ काढायला लावतो. “सर, तुम्हाला कुणी शिकवलं?” विचारलं की म्हणतो, “अनुभवानं.” तिचं नाव अजूनही तोंडातून निघत नाही.