वाडेकर सरांच्या पुस्तकातलं पान त्रेसष्ट

श्रीरंग वाडेकर सरांना मी पहिल्यांदा बघितलं ते कल्याणला, नानांच्या बाइंडिंगच्या दुकानात. मी तिथे फर्मे दुमडायचं काम करते. फर्मा म्हणजे छापून आलेला मोठा कागद. त्याच्यावर सोळा पानं असतात, पण ओळीने नसतात. पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं, त्यांच्या डोक्यावर आठ आणि नऊ उलटी. बरोबर घड्या घातल्या की पानं आपोआप क्रमाला लागतात. दुमडता दुमडता मी वाचायचे. त्या दिवशी सरांचं एका लढाईवरचं पुस्तक आलेलं. मी ते असं वाचलं की आधी टेकडीवर झेंडा लागला, मग जवान चढायला लागले, आणि शेवटी त्यांना सकाळचा चहा मिळाला.

सर कधी येऊन मागे उभे राहिले ते मला समजलं नाही.

"वाचतेस का गं?"

मी मान हलवली.

"कळतंय?"

"हो."

"काय कळलं?"

नाना मधे पडले. "सर, ती जास्त बोलत नाही. पण हात चांगला आहे तिचा."

"नाना, मी हाताचं विचारत नाहीये, पुस्तकाचं विचारतोय," सर बोलले आणि स्टूल ओढून बसलेच.

मग मी कसंबसं सांगितलं, "आधी जिंकले, मग चहा प्यायले."

नाना मोठ्याने हसले. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कागद उलटसुलट करून बघितला आणि बोलले, "बरोबर आहे की. या कागदावर तसंच झालंय." मग ते हसले.

सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीच्या लोकांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी नाहीच बोललेले. या ग्रंथात शिकलेली, मोठी माणसं लिहिणार. मी नववीत शाळा सोडली. वर्गात उभं राहून वाच म्हटलं की माझा आवाजच जायचा, मुलं हसायची, मग मी जायचंच बंद केलं. पण समितीतल्या काकांनी सांगितलं, "सरांची अलीकडची तीन पुस्तकं छापायच्या आधी पूर्ण वाचलेली तू एकटीच आहेस." ते खरं आहे, म्हणून लिहिते.

सर स्वतः सैन्यात नव्हते. एका कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी ठाण्यात वर्तकनगरच्या दोन खोल्यांत प्रकाशन सुरू केलं. लढायांची पुस्तकं, पण बारीक, मोठ्या अक्षरांची, कुणालाही एका रविवारी वाचून होतील अशी. लोक त्यांना हमखास विचारतात, "तुम्ही आर्मीत होता का?" सर सांगतात, "नव्हतो. म्हणून तर प्रत्येक गोष्ट विचारावी लागते."

त्यांची एक पद्धत आहे. प्रकरण लिहून झालं की लढाईतलं काहीच माहीत नसलेल्या माणसाने ते मोठ्याने वाचायचं. सर पेन्सिल घेऊन ऐकतात. वाचणारा जिथे अडखळेल तिथे फुली. जिथे तो "कळलं नाही" बोलेल तिथे गोल. गोल आला की तो परिच्छेद पुन्हा लिहायचा. आधी हे काम काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, करायच्या. पण काकूंनी इतकी पुस्तकं ऐकली की, त्याच सांगतात, "मला आता तोफसुद्धा चालवता येईल." म्हणून सरांना नवीन माणूस हवं होतं आणि त्यांनी मला बोलावलं. शुक्रवारी दुकानाला सुट्टी असते, त्या दिवशी मी बसने ठाण्याला जायला लागले.

पहिल्या शुक्रवारी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सर समोर पेन्सिल घेऊन बसलेले, मला एकदम वर्गच आठवला. सरांनी काही विचारलं नाही. उठले, माझी खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि स्वतः मागे जाऊन बसले. "समोरच्या इमारतीला वाचून दाखव. मी आपला मागून ऐकतो." मग माझा आवाज निघाला. तेव्हापासून आम्ही तसेच बसायचो.

एकदा 'कंपनी' हा शब्द आला. मला वाटलं दुकानासारखी कंपनी. मी विचारलं तर सरांनी गोल केला आणि पुढच्या शुक्रवारी तिथे लिहिलेलं होतं, 'तुमच्या शाळेतल्या दोन वर्गांत मिळून बसतील एवढी माणसं.' मला लगेच दिसलीच ती माणसं.

आणखी एकदा चढाईचं प्रकरण वाचून झाल्यावर मी बोलले, "सर, हे लोक दमत नाहीत का?" सर विचारात पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीत कागदाचे गठ्ठे भरले, पाठीला बांधले आणि चार मजले चढून आले. त्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि तेव्हा त्यांचं वय त्र्याहत्तर. काकू दारात उभ्या. "पेन्शन मिळतेय ना? मग मेडल कशाला हवंय आता?" सरांना उत्तर द्यायलाही दम नव्हता. पण बसल्या बसल्या त्यांनी त्या प्रकरणातले 'शूर' आणि 'पराक्रमी' सगळे खोडले. नंतर मला बोलले, "धाप लागलेल्या माणसाला असले शब्द सुचत नाहीत गं. तो फक्त पुढची पायरी बघतो."

पुस्तकं विकणारे त्यांना सांगतात, कव्हरवर स्फोट टाका, खपेल. सर पाण्याची बाटली टाकतात. सगळ्यात आधी पाणी संपतं, असं त्यांना भेटलेल्या प्रत्येक जवानाने सांगितलंय.

आता पान त्रेसष्टबद्दल. हे लिहू का, असं मी सरांना विचारलं. ते बोलले, "लिही. पण त्या घराचं नाव नको आणि लढाईचंही नको." म्हणून नावं लिहीत नाही.

त्या पुस्तकातल्या लढाईत दोन तुकड्या होत्या. पान त्रेसष्टवर लिहिलेलं, 'डावीकडची तुकडी दुपारी मागे आली. उजवीकडच्यांनी संध्याकाळपर्यंत टेकडी घेतली.' एवढंच. वाचताना माझ्या मनात आलेलं, डावीकडचे मागे का आले? घाबरले का? पण त्या दिवशी माझं दहा वेळा "कळलं नाही" बोलून झालेलं. अकराव्यांदा बोलायची लाज वाटली. सरांनी मागून विचारलं, "कळलं?" मी खिडकीकडे बघत सांगितलं, "हो, कळलं." गोल पडला नाही. पुस्तक छापलं गेलं.

मग एका शुक्रवारी डोंबिवलीहून एक ताई आल्या. हातात पुस्तक, पान दुमडलेलं. त्यांचे वडील त्या डावीकडच्या तुकडीत होते. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. ताईंचा मुलगा आठवीत, त्याच्या शाळेच्या लायब्ररीत हे पुस्तक होतं. त्याने मित्रांना कौतुकाने दाखवायला नेलं, बघा, माझे आजोबा या तुकडीत होते. मित्र बोलले, "म्हणजे पळाले ना?" तेव्हापासून मुलगा शाळेत जायला तयार नव्हता.

"माझ्या आईने पुस्तक ऐकलं आणि बाबांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला," ताई बोलल्या. "तिला वाटतंय, छापलंय म्हणजे खरंच असेल. बाबा आम्हाला कधी काही सांगायचेच नाहीत हो."

सरांनी उभ्यानेच पान वाचलं. खरं तर डावीकडच्यांना हुकूमच तसा होता. आधी पुढे जायचं, शत्रूच्या सगळ्या बंदुका आपल्याकडे ओढून घ्यायच्या, आणि उघड्या मैदानातून दिसेल असं मागे यायचं. तोपर्यंत उजवीकडचे चढणार. हे पुस्तकात होतं, पण बावीस पानं आधी, बेत सांगितला तिथे. काकूंनी तेच सांगितलं, "अहो, एक्केचाळीसवर आहे की ते."

"तिथे आहे, इथे नाही," सर बोलले. "मुलाला पळपुट्याचा नातू म्हटलं ते या पानावरून." मग ताईंना बोलले, "चूक माझी आहे. मी उजवीकडच्या अधिकाऱ्याला भेटलो, डावीकडच्या एकाच्याही घरी गेलो नाही. मला तुमच्या आईंना भेटायचंय. पण हात हलवत येणार नाही, आधी ते पान नीट लिहितो."

दुसऱ्याच दिवशी सर नानांकडे आले. विक्री थांबवली. अर्ध्या प्रती शिवायच्या बाकी होत्या, त्यांच्यातून पान त्रेसष्टचा, म्हणजे चौथा, फर्मा काढायचा आणि नवीन छापून घालायचा. तयार प्रतींना पान त्रेसष्टवर चिठ्ठी चिकटवायची. ज्या शाळांत, लायब्रऱ्यांत पुस्तक गेलेलं, त्या सगळ्यांना पत्रं. मीच तो फर्मा काढत बसलेले. सर शेजारी. शेवटी मी बोलले, "सर, मला तेव्हा कळलं नव्हतं. मी खोटं सांगितलं."

सरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. बोलले, "अच्छा. मग दोघांचं मिळून झालं हे. मी तुझ्या पाठीमागे बसायचो ना, चेहरा कुठे बघितला तुझा? तू छान वाचायला लागलीस आणि मी नुसता ऐकत बसलो." मग बोलले, "डोंबिवलीला येशील? तिथे मागे बसता येणार नाही. आजींच्या समोर वाचावं लागेल."

मी हो बोलले. तेव्हा मला खरंच जमेल असं वाटत नव्हतं.

डोंबिवलीला आजी पलंगावर बसलेल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. सरांनी वाकून नमस्कार केला. आजींनी तोंड फिरवलं. "छापल्यालं पुसतं व्हय?"

"पुसत नाही आजी," सर बोलले. "म्हणून नवीन लिहिलंय. अजून छापलं नाही. तुम्ही ऐका. जिथे पटणार नाही तिथे हात वर करा, मी तिथल्या तिथे खोडतो."

मी वाचायला लागले. कागद मी गुडघ्यावर दाबून धरला. हुकूम काय होता, मैदान किती उघडं होतं, किती जण मागे आले, किती जण आलेच नाहीत. मी वाचलं, 'जिवाची पर्वा न करता ते,' आणि आजींचा हात वर.

"पर्वा हुती की. लई हुती. मला पत्रात लिवायचे, हितनं सुटलो की आधी शेताला कुंपण घालतो. पर्वा नसलेला माणूस कुंपण घालतोय व्हय?"

सरांनी ते शब्द खोडले. आजींनी सरांच्या पेन्सिलीकडे बघितलं, मग पहिल्यांदा सरांच्या तोंडाकडे. ताईंना बोलल्या, "पोराला बोलीव खालनं. त्यो ऐकू दे."

नातू घामाघूम होऊन वर आला, बॅट हातातच. "काय गं आजी, माझी बॅटिंग होती!"

"बस हितं. वाच बाई तू, पयल्यापासनं."

मी पुन्हा वाचलं. मुलगा आधी पंख्याकडे बघत होता. मग त्याने बॅट खाली ठेवली. वाचून झाल्यावर त्याने सरांना विचारलं, "म्हणजे मागे येताना गोळ्या आपल्याच पाठीवर येणार, हे आजोबांना आधीच माहीत होतं?"

"माहीत होतं. सगळ्यांना सांगूनच पाठवलेलं."

"मग हेच लिहा ना डायरेक्ट. एवढं मोठं कशाला?"

"ए, नीट बोल," ताई ओरडल्या. पण सर लिहायलाच लागले होते. आता पान त्रेसष्ट असं सुरू होतं, 'मागे येताना गोळ्या आपल्याच पाठीवर येणार, हे डावीकडच्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं.' हे वाक्य आठवीतल्या मुलाचं आहे. सरांनी त्यातला काना-मात्रा बदलला नाही, फक्त 'आजोबां'च्या जागी सगळी तुकडी घातली. कुणी त्या वाक्याचं कौतुक केलं की ते सांगतात, "माझं नाही ते."

आम्ही निघालो तेव्हा आजी पलंगावरून उतरल्या. कपाट उघडून फोटो काढला, पदराने पुसला आणि नातवाच्या हातात दिला, "टांग जा." मग सरांना तीन नावं सांगितली. त्याच तुकडीतले तिघं, तिघांची गावं वेगवेगळी. दोघं गेलेत, एक अजून आहेत पण ऐकू कमी येतं. "त्येंच्या घरी बी जावा. आमाला निदान कळलं. त्या बायास्नी कोन सांगणार?"

सर एका घरी जाऊन आलेत. दोन गावं राहिलीत, आणि तिथून आणखी नावं निघणार हे सरांना माहीत आहे. आम्ही आता समोरासमोर बसतो.

सर, तुम्हाला पंचाहत्तरीच्या खूप शुभेच्छा. मला मोठं बोलता येत नाही. त्या दोन घरांपर्यंत आणि त्यांच्या पुढच्या सगळ्या घरांपर्यंत जायला तुमचे पाय खणखणीत राहोत, काकूंची साथ राहो, आणि ज्यांच्याकडे अजून कुणीच गेलेलं नाही, त्या सगळ्यांकडे जाऊन होईपर्यंत तुम्हाला आयुष्य मिळो. ती घरं काही लवकर संपणार नाहीत.