व्हिसाआधीचा फ्लेक्स

व्हिएतनाममधल्या एका शाळेनं मला इंग्रजी शिकवायला घेतलं, हे वडिलांना सांगतानाच मी बजावलं होतं, "आबा, व्हिसा येईस्तोवर कुणाला बोलू नका." आबा 'व्हय व्हय' म्हणाले. आणि आठवडा लोटायच्या आत आमच्या कऱ्हाटीच्या एसटी थांब्यावर माझा हा भला मोठा फ्लेक्स! 'परदेशात प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल लावलेले समस्त चुलतभाऊ. प्राध्यापक कसली डोंबलाची, बालवाडीच्या पोरांना ए-बी-सी शिकवायची होती!

ही नोकरी कशी मिळाली ते माझं मला ठाऊक. इंदापूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि येता-जाता एसटीत फोनवर जाहिराती धुंडाळायच्या. बहुतेकांची पहिलीच अट, उमेदवार इंग्रजी मातृभाषेच्या देशातला हवा. एक शाळा कशीबशी हो म्हणाली, तर पदवीवरचे शिक्के आणि पोलिसांचा दाखला मिळवताना नाकी नऊ आले. व्हिसा लांबला तर शाळा दुसरं कुणी बघणार होती.

आणि इकडं थांब्यावरच्या फ्लेक्सात मी हसत उभी. उतरलं की कुणीतरी विचारायचंच, "काय मॅडम, अजून हितंच?" शेवटी मी अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत यायला लागले. एकदा अंगणात पाऊल टाकताच ओरडले, "काढा तो फ्लेक्स! लाज निघतीय माझी." आबा म्हशीला वैरण टाकत होते. "न्हाय काढायचा," म्हणाले. "तू जाणार हायस." एवढा भरवसा माझा माझ्यावर नव्हता.

व्हिसा आला. निघाले त्या सकाळी आबांनी स्वतः फ्लेक्स उतरवला. एवढं चांगलं कापड वाया कोण घालवतंय! तो कडब्याच्या गंजीवर गेला.

आता मधल्या सुट्टीत मी व्हिडिओ कॉल लावते. आबा फार बोलत नाहीत. गोठा दाखवतात, म्हैस दाखवतात आणि शेवटी गंजी. ज्या फ्लेक्सवर एवढी चिडले, तो दिसला नाही तर मला चैन पडत नाही. परवा त्यांनी फोन अगदी जवळ नेला. उन्हानं अक्षरं उडाली होती. चुलतभावांचे नुसते गॉगल उरले होते.

"तुझं तोंड वळखू यीना झालंय बघ," आबा म्हणाले. मग फोन स्वतःकडं वळवून, "एकदा यून जा की गं."